तारीख नसलेला मेसेज

महेंद्र रोकडेबद्दल आमच्या ऑफिसात दोन गोष्टी बोलल्या जातात. त्याच्यामुळे कोपरीतल्या एका चाळीतली बाई भाजली, ही एक. त्याच्यामुळे त्याच चाळीतली एकवीस माणसं वाचली, ही दुसरी. बोलणाऱ्यांपैकी एकही त्या दिवशी तिथे नव्हता. मी होते. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर, कानाला फोन लावून. म्हणून काय झालं ते मी सांगते, आणि मधेच कुणी ‘पण शालनताई’ करायचं नाही.

मी आपत्ती नियंत्रण कक्षात सत्तावीस वर्षं फोन उचलले. कुठल्या महापालिकेच्या ते विचारू नका, मला पेन्शन मिळते. झाड पडलं, साप निघाला, लिफ्ट अडकली, नाल्यात म्हैस पडली, सगळ्यांचे फोन आमच्याकडे. शिव्यासुद्धा आमच्याकडेच. अशा ठिकाणी महेंद्र आला तो नाइलाजाने. एकोणीस वर्षं त्याने आगीच्या बंबावर काढलेली. एका गोदामाच्या आगीत माळ्यावरून खाली आला आणि गुडघा कायमचा गेला. डॉक्टरांनी लिहून दिलं, शिडी चढायची नाही, वजन उचलायचं नाही. आता फायरमनला शिडी नाही आणि वजन नाही, म्हणजे राहिलं काय? मग दिला पाठवून आमच्याकडे. हातात ऑफिसचा मोबाईल ठेवला आणि सांगितलं, आजपासून सोशल मीडिया तू बघायचा.

त्याच्या आधी ते खातं एक एजन्सी चालवायची. दसऱ्याच्या शुभेच्छा, दिवाळीच्या शुभेच्छा, साहेबांचा नारळ फोडतानाचा फोटो. कुठला पूल बंद आहे, कुठे आग लागलीय, याचा पत्ता नाही. चुकूनमाकून काही आलंच तर ते असं: ‘नागरिकांनी खबरदारीच्या उपाययोजनांचा अवलंब करून प्रशासनास सहकार्य करावे.’ सत्तावीस वर्षं नोकरी झाली माझी, अवलंब नेमका कसा करतात ते मला अजून कळलेलं नाही.

महेंद्रला या भाषेचा मनापासून राग. एरवी तो फारसा बोलायचा नाही. विठ्ठलवाडीहून यायचा, डबा उघडायचा, अर्धा खायचा, बाकीचा तसाच. पण लिहायला बसला की मला छळायचा. “ताई, वाचून दाखवतो. कळतं का सांगा.” मी म्हणायचे, अरे बाबा, मला कळून काय उपयोग, मी इथेच बसलेय. तर म्हणायचा, “धुरात अडकलेल्या माणसाला मोठा शब्द कळत नाही, ताई. मी बघितलंय ना. ‘सुरक्षित स्थळी चला’ म्हटलं तर नुसता तोंडाकडे बघत राहतो. ‘माझा पट्टा धर’ म्हटलं की धरतो आणि चालायला लागतो. मला पट्टा धर असं लिहायचंय.” हे त्याने मला एवढ्या वेळा ऐकवलं की मी शेवटी हात जोडले.

आमच्याकडची पद्धत आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक मेसेज लेटरहेडवर. वर जावक क्रमांक, त्याच्या शेजारी तारीख, खाली मजकूर. तो साहेबांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. साहेबांचं ‘ओके’ आलं की मग खात्यावर टाकायचा, लेटरहेडचा फोटो आणि खाली तोच मजकूर टाइप करून. आग लागलेली असो की पूर आलेला असो, ‘ओके’शिवाय अक्षर हलायचं नाही. साहेब मीटिंगमध्ये, साहेब जेवायला, साहेबांच्या फोनला रेंज नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं तरी उंटाने वेळेवर यायला हवं ना.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत कोपरीतल्या एका बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गळला. डोळ्यांत आग, घशात आग, लोक रस्त्यावर पळायला लागलेले. अशा वेळी पळायचं नसतं. घरात शिरून सगळं बंद करून बसायचं, वारा वाहून नेतो. महेंद्रने पाच मिनिटांत लिहिलं. मजकुराच्या सुरुवातीला तारीख, मग ‘बर्फाच्या कारखान्यातून अमोनिया’, मग काय करायचं ते. साहेबांनी कारखान्याचा उल्लेख काढायला लावला. चौकशी व्हायची आहे, उगाच मालकाचा फोन यायचा, नुसतं गॅस गळती लिहा.

तारीख मात्र साहेबांनी काढली नाही. ती मी काढायला लावली. मी त्याला म्हटलं, “अरे, तारीख वर लेटरहेडवर आहेच की. खाली परत कशाला? ‘आज’ लिही. तारीख वाचली की माणूस कॅलेंडर शोधत बसतो, ‘आज’ वाचलं की हलतो.” त्याला पटलं. मलाही स्वतःचं फार कौतुक वाटलं.

तर मेसेज असा गेला: ‘कोपरीत आज गॅस गळती झाली आहे. घराबाहेर पडू नका. दारं-खिडक्या घट्ट बंद करा. फटींत ओले कपडे कोंबा. नाकाला ओला फडका धरा. आम्ही सांगेपर्यंत आतच थांबा. महापालिका नियंत्रण कक्ष.’

अर्ध्या तासात सगळ्या कोपरीकडे होता. सोसायट्यांचे ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, शाळेतल्या आयांचे ग्रुप. लोक रस्त्यावरून घरात गेले. एकालाही दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. वर्तमानपत्रात चौकट आली, साहेबांनी सत्कार घेतला, त्यातलं एक गुलाबाचं फूल महेंद्रला दिलं. घरी नेऊन त्याने मुलीला दिलं म्हणे, मृणालला. त्या दिवशी त्याने पूर्ण डबा खाल्ला, एवढं मला आठवतं.

आम्हाला कुणाला हे सुचलं नाही की लोक लेटरहेड पाठवतच नाहीत. मजकुरावर बोट दाबून ठेवायचं, कॉपी करायचा, पुढे ढकलायचा. वरची तारीख आमच्याकडेच राहिली आणि खालचा ‘आज’ तेवढा गावभर गेला.

गेल्या डिसेंबरातली दुपार. चार वाजून दहा मिनिटं. कोपरीतच एक कंत्राटदार केबल टाकायला रस्ता खणत होता, त्याच्या जेसीबीने स्वयंपाकाच्या गॅसची जमिनीखालची लाइन फोडली. बंब निघाला, पोलीस निघाले, गॅस कंपनीच्या माणसांना फोन गेला. पण सुटलेला गॅस काही रस्त्यावर थांबत नाही. तो गटारातून, मोरीच्या पाइपातून मागच्या चाळीत शिरायला लागला. आणि इथे सगळं उलटं असतं. स्वयंपाकाचा गॅस खोलीत कोंडला की एक ठिणगी पुरते. दिव्याचं बटण दाबलं तरी पुरते. खिडक्या उघडायच्या, कशालाही हात लावायचा नाही, आणि बाहेर पडायचं.

महेंद्रने तीन मिनिटांत तेच लिहिलं आणि साहेबांना पाठवलं. साहेब मंत्रालयाच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये. परत पाठवलं. फोन केला, कट झाला. शिपायाकरवी चिठ्ठी आत पाठवली, शिपाई म्हणाला आत सोडत नाहीत.

तेवढ्यात माझा फोन वाजला. एक बाई होती. आवाजात घाबरणं नव्हतं, उलट शहाण्या मुलीने गृहपाठ दाखवावा तसं बोलत होती. “मॅडम, तुमचा मेसेज आला. दारं-खिडक्या लावल्यात. ओले टॉवेल पण लावलेत. संडासच्या झरोक्याला पण लावू का?”

मी म्हटलं, “कुठला मेसेज?”

तिने वाचून दाखवला. कोपरीत आज गॅस गळती झाली आहे. दुसरा फोन वाजला, तिसरा वाजला, सगळ्यांचं तेच. कुणीतरी गॅसचा वास आल्यावर जुना मेसेज शोधून ग्रुपवर टाकलेला, भल्या मनाने, आणि तो सुटला होता.

“महेंद्र,” मी म्हटलं, “तुझा तो गेल्या वर्षीचा, फेब्रुवारीतला फिरतोय. लोक खिडक्या लावून बसलेत.”

त्याने मोबाईल उचलला, ‘ओके’ नसताना मेसेज टाकला, तारखेसकट, वेळेसकट. वर लिहिलं, जुना मेसेज आजचा नाही, तो पाळू नका, बाहेर पडा. मग दोघं बघत बसलो. आमचं खातं बघतं कोण? दोन-तीन पत्रकार आणि तक्रारी करणारे. पहिली कॉमेंट आली: ‘आमच्या गल्लीतला खड्डा कधी बुजवणार?’ दुसरी आली: ‘एकदा आत थांबा, एकदा बाहेर पडा, आधी आपसात ठरवा.’ दहा मिनिटांत साठ माणसांनी बघितला. जुना तोवर शेकडो ग्रुपांत पोचला असणार.

मी फोनवर एकेकाला सांगत होते, बाई बाहेर या, दादा बाहेर पडा, बटणाला हात लावू नका. तर माझ्याशी वाद. “पण लिहून आलंय ना तुमचंच.” ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. आणि त्यांचं तरी काय चुकलं? आम्हीच तर वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होतो की ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका, अधिकृत तेवढंच माना. लोकांनी मानलं. नेमकं त्याच दिवशी मानलं.

महेंद्र उठला. “मी जाऊन येतो.”

“गुडघा?” मी म्हटलं. “आणि साहेबांनी विचारलं तर?”

“सांगा चहाला गेलाय.”

खाली रिक्षा मिळाली, सात-आठ मिनिटांचा रस्ता. पुढचं काही त्याने सांगितलं, काही चाळीतल्या सीतारामकाकांनी. हे सीतारामकाका म्हणजे एका कंपनीतून निवृत्त झालेले वॉचमन, चाळीच्या ग्रुपचे अॅडमिन, शिस्तीचा माणूस. बंबावरची पोरं मोठ्या रस्त्यावर फुटलेल्या पाइपाशी होती. चाळ मागे, बोळ अरुंद. पोलिसांनी भोंग्यावरून ओरडून सांगितलेलं, पण खिडक्यांच्या फटींत पंचे कोंबलेले, आत ऐकू काय जाणार? बैठी चाळ, ओळीने नऊ खोल्या, सगळ्या बंद. महेंद्रने बेल वाजवली नाही. तळहाताने दार बडवलं.

पहिली खोली सीतारामकाकांची. खिडकीच्या काचेमागे काका आले, नाकाला ओला रुमाल बांधलेला. दार उघडेनात. आत गेले, मोबाईल घेऊन आले आणि काचेला आतून लावून धरला. महेंद्रने वाचलं. त्याचीच वाक्यं होती, एक अक्षर बदललेलं नव्हतं.

तो बाहेरून म्हणाला, “काका, हे मीच लिहिलंय.”

काका आतून म्हणाले, “मग आता उलटं कशाला सांगता?”

त्याने ओळखपत्र काढून काचेला लावलं. आतून मोबाईल, बाहेरून ओळखपत्र. काकांना मोबाईल खरा वाटला, कारण त्यावर महापालिका लिहिलेलं होतं, आणि बाहेर तर एक घामाघूम, लंगडणारा माणूस उभा. ओळखपत्रं काय, हल्ली कुणीही छापतो. काका मला नंतर म्हणाले, “ताई, मी आयुष्यभर गेटवर माणसं अडवली. मला वाटलं मी बरोबर करतोय.” यात चार मिनिटं गेली. शेवटी महेंद्रने डोळे मिटले आणि मेसेज तोंडपाठ म्हणून दाखवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग म्हणाला, “गेल्या वर्षी फेब्रुवारीत अमोनिया होता, काका. बर्फाच्या कारखान्यातला. डोळे चुरचुरलेले ना तेव्हा? आज चुरचुरतायत का?”

काकांनी कडी काढली.

मग भराभर झालं. सीतारामकाका दारात उभे राहून हाक मारतायत म्हटल्यावर दारं उघडायला लागली. माणसं बाहेर आली, नाकाला ओले फडके धरून, म्हातारी, पोरं, एक बाळंतीण. बोळाच्या तोंडाशी पोलिसांनी मोजली, एकवीस.

शेवटची खोली गंगुबाईंची. साठीच्या, एकट्या. नौपाड्यात तीन घरी पोळ्या करायच्या, चारच्या सुमारास परत यायच्या. त्यांनी मेसेज सगळ्यांपेक्षा नीट पाळलेला. दाराच्या खालच्या फटीत गोधडी, खिडकीत दोन ओली लुगडी, झरोक्याला पीठ चाळायची चाळणी आणि वर फडका. एवढं केल्यावर खोलीत अंधार होणारच. महेंद्र दोन दारं अलीकडे होता तेव्हा त्यांनी बटण दाबलं.

आवाज मोठा नव्हता म्हणे, वाऱ्याने दार आपटावं तेवढाच. महेंद्रने खांद्याने दार तोडलं, ज्याला वजन उचलायचं नाही त्याने त्यांना उचललं आणि बोळाच्या बाहेर आणलं. दोन्ही हात, चेहऱ्याची एक बाजू, केस. जीव होता.

साहेबांचं ‘ओके’ पाच वाजून वीस मिनिटांनी आलं, अंगठ्यासकट. वरातीमागून घोडं. मी तो स्क्रीनशॉट अजून ठेवलाय, का ठेवलाय ते मला माहीत नाही.

महेंद्रला मेमो मिळाला. मंजुरीशिवाय मजकूर प्रसारित केला, कामाची जागा विनापरवानगी सोडली, खुलासा करा. पहिल्या मेसेजवर तारीख का नव्हती, हे कुणी विचारलं नाही. मी आपणहून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, साहेब, तारीख मी काढायला लावलेली. साहेब म्हणाले, कसली तारीख? मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “तुमचं आता रिटायरमेंट जवळ आलंय ना, कशाला त्यात पडता?” मी बाहेर आले. भांडायला हवं होतं. त्याच साहेबांशी मी पंख्यावरून भांडलेय, पाळीवरून भांडलेय, त्या दिवशी अंगात त्राण नव्हतं. मार्चमध्ये निवृत्त झाले. खातं परत एजन्सीकडे गेलं. महेंद्र आता बंबांच्या पाइपांची नोंद ठेवतो. आणि तो मेसेज अजून फिरतोय, परवा माझ्या सख्ख्या बहिणीने कल्याणहून मला पाठवला, ‘काळजी घे गं’ म्हणून.

तीन आठवड्यांनी आम्ही दोघं गंगुबाईंना बघायला हॉस्पिटलात गेलो. जावंसं वाटत नव्हतं, दोघांनाही. रिक्षात महेंद्र ओठ हलवत होता, काय बोलायचं ते घोकत. मी म्हटलं, “खरं सांग. ऑफिसात कुणी ऐकलं नाही, निदान तिला तरी सांग. तारखेचं मी सांगेन. शिव्या देईल, देऊ दे.” मला खरंच वाटत होतं की त्या बाईने आम्हाला शिव्या द्याव्यात. कुणीतरी द्यायला हव्या होत्या.

दोन्ही हातांना बँडेज, कॉटवर उशीला टेकून बसलेल्या. महेंद्रला ओळखलं त्यांनी, याने मला उचललं म्हणून शेजारच्या पेशंटला सांगितलं. आम्ही स्टुलावर बसलो. तो तोंड उघडणार तेवढ्यात त्याच बोलल्या.

“माझंच चुकलं हो साहेब. कुठलीतरी फट राहिली असणार. नाहीतर गॅस आत आला कसा?”

महेंद्र म्हणाला, “नाही मावशी, तुमचं काही चुकलं नाही. तो मेसेज त्या दिवसाचा नव्हताच. जुना होता, वेगळ्या गॅसचा. त्या दिवशी खिडक्या उघडायच्या होत्या.” मग म्हणाला, “आणि तो मी लिहिलेला.”

“आणि त्यावर तारीख नव्हती ती माझ्यामुळे,” मी म्हटलं. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही.

त्या महेंद्रकडे बघत होत्या. मला वाटलं, आता. आता शिव्या देईल.

“तुम्ही लिहिलेला?”

“हो.”

“मला नीटसं वाचता येत नाही,” गंगुबाई म्हणाल्या. “शाळेत दोनच वर्षं गेले. सरकारचं काही आलं की शेजारी जाऊन वाचून घ्यावं लागतं. तो तेवढा एक माझा मी वाचला, सगळा. कुणाला विचारावं लागलं नाही.” बँडेजचा हात त्यांनी जरासा उचलला, त्याच्या गुडघ्यावर ठेवायला असेल, आणि दुखलं म्हणून परत खाली घेतला. “चांगलं लिहिता हो तुम्ही. असंच लिहीत जा.”